आफ्टरमार्केट मफलर घरी आखूड करायचा असेल तर किती, कुठून आणि कसा कापावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाइकला ४०० मिलिमीटर लांबीचा गोल आफ्टरमार्केट मफलर आहे. बॉडी ॲल्युमिनियमची, दोन्ही टोकांना रिवेट मारलेली झाकणं. लांबडा दिसतो म्हणून १२० मिलिमीटर कापायचा आहे. घरात हॅकसॉ, ड्रिल, ग्राइंडर आणि रिवेट गन आहे, वेल्डिंग नाही. हे घरी जमेल का, आवाज किती वाढेल आणि इंजिन लीन होईल का, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडेल का?

जमेल. मी हे काम बरीच वर्षं करतोय, आणि वेल्डिंगशिवाय आखूड केलेले मफलर नीट चालतात. पण १२० कापू नका, ८० च्या आसपास थांबा. का ते आधी सांगतो, कारण कापलेली बॉडी परत जोडता येत नाही आणि बहुतेक जण कापून झाल्यावरच विचारायला येतात.

सगळ्यात आधी हातातला मफलर कोणत्या जातीचा आहे ते बघा. इंजिन पूर्ण थंड असताना मफलर काढा, मागच्या तोंडातून टॉर्च मारा. डीबी किलर (तोंडात बसवलेली, आवाज कमी करणारी सुटी नळी) असेल तर तो आधी काढून ठेवा. पुढच्या तोंडापर्यंत आरपार दिसत असेल आणि भिंतीला बारीक भोकं दिसत असतील, तर तो शोषून घेणारा मफलर: मध्ये भोकांची नळी (हीच कोअर), तिच्याभोवती ग्लास वूल, बाहेर बॉडी. हाच प्रकार आखूड करता येतो. आरपार दिसत नसेल, आडवा पत्रा किंवा बाजूला सरकलेली दुसरी नळी दिसत असेल, तर आत कप्पे आहेत. कंपनीच्या मूळ सायलेन्सरमध्ये बहुधा तसंच असतं. त्यात प्रत्येक कप्प्याची लांबी ठरावीक आवाज मारण्यासाठी हिशोबाने ठेवलेली असते. असा सायलेन्सर कापला की एखादा कप्पाच उडतो आणि उरलेल्याला अर्थ राहत नाही. त्याला हात लावू नका. आत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) असेल तरीही लावू नका.

आता लांबीचा हिशोब. बाहेरून मोजलेली ४०० मिलिमीटर ही काम करणारी लांबी नसते. पुढच्या निमुळत्या झाकणात साधारण ६० जातात, मागच्या झाकणात ४०. उरले ३००, तेवढ्याच पट्ट्यात ग्लास वूल आहे. झाकणं तुम्ही कापणार नाही, म्हणजे जे काही कमी होणार ते सगळं या ३०० मधून. १२० कापले की बाहेरून मफलर ३० टक्क्यांनी आखूड दिसतो, पण आतलं शोषणारं अंग ४० टक्क्यांनी घटतं. कागदावर हा फरक लहान दिसतो, बाइक सुरू केली की कळतो.

शोषणाऱ्या मफलरमध्ये डेसिबलची घट ढोबळमानाने भरलेल्या लांबीच्या प्रमाणात असते. समजा तुमचा मफलर मधल्या पट्टीतल्या आवाजात १५ डेसिबल खातो. ३०० चे २२० केले तर तो ११ खाईल, १८० केले तर ९. चार डेसिबलचा फरक म्हणजे बाहेर पडणारी ध्वनीची ऊर्जा अडीचपट, सहाचा म्हणजे चौपट. कानाला चौपट वाटत नाही, १० डेसिबल वाढले की साधारण दुप्पट मोठा वाटतो. पण शेजाऱ्याच्या खिडकीला आणि तुमच्या स्वतःच्या कानाला रोज सहन करायला सहा डेसिबल पुष्कळ आहेत. शिवाय बॉडीवर मंजुरीचा शिक्का असेल तर ती मंजुरी त्या मूळ रूपातल्या मफलरची आहे. कापलेल्या मफलरला ती लागू राहत नाही. रस्त्यावर चालवणार असाल तर तुमच्याकडची आवाजाची मर्यादा आधी पाहून घ्या, नंतर आरी उचला.

आवाजाबद्दल आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो, कारण इथे सगळ्यात जास्त निराशा होते. लोकांना आखूड मफलरमधून जाड, घुमणारा आवाज हवा असतो. मिळतो तो पातळ आणि कर्कश. कारण सोपं आहे. एक सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला २५ वेळा फायर होतं. गरम वायूत आवाज सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास धावतो, म्हणजे त्या मूळ ठोक्याची तरंगलांबी २० मीटर झाली. अडीच सेंटिमीटर जाडीचं ग्लास वूल त्याला आधीही फारसं अडवत नव्हतं आणि आताही अडवणार नाही. ते जे खातं ते वरच्या पट्टीतलं, तडतड आणि फाटका आवाज. भरलेली लांबी कमी केली की नेमका तोच मोकळा सुटतो. जाड आवाज हवा असेल तर लांबीपेक्षा व्यास आणि भरण्याची जाडी कामाला येते. दिसण्यासाठी कापत असाल तर कापा, आवाजासाठी कापू नका.

इंजिनचं म्हणाल तर भीती आहे तेवढं काही होत नाही. सरळ मफलरमध्ये कोअरचा व्यास पुढच्या पाइपएवढाच असतो आणि दाबाची लाट पहिल्या भोकांपासूनच पसरायला लागते, त्यामुळे मागच्या टोकाचे ८० मिलिमीटर गेल्याने पिकअपमध्ये जाणवण्याजोगा फरक मला कधी दिसला नाही. फरक पडतो तो लोक त्याच दिवशी डीबी किलरही काढून टाकतात म्हणून, किंवा जोड गळका राहतो म्हणून. कार्बोरेटर असेल तर काम झाल्यावर प्लगचा रंग एकदा पाहा, पांढरट दिसला तर जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) तपासा. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सरवरची दुरुस्ती मुख्यतः हलक्या, स्थिर थ्रॉटलला चालते, पूर्ण थ्रॉटलला गाडी पेट्रोल किती सोडायचं याच्या आतल्या ठरलेल्या तक्त्यावरच चालते, म्हणून ‘ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) सांभाळून घेईल’ यावर विसंबू नका. आणि थ्रॉटल सोडल्यावर फटफट व्हायला लागली तर आधी जोडातून हवा आत ओढली जातेय का ते शोधा. ती हवा आणि न जळलेलं पेट्रोल आत भेटतात आणि पेटतात. दहा गोष्टी बदलण्याआधी जोड बघा.

कापायचं कुठून? शक्यतो मागून. पुढच्या तोंडापासून हँगरच्या (मफलर फ्रेमला लटकवणाऱ्या पट्टीच्या) भोकापर्यंतचं अंतर फ्रेमने ठरवलेलं आहे, ते बदललं की मफलर बसणारच नाही किंवा ओढून बसवावा लागेल, आणि ओढून बसवलेला मफलर रबराऐवजी वेल्डवर ताण टाकतो. तुमचा मफलर पट्ट्याच्या क्लॅम्पवर लटकत असेल तर क्लॅम्प सरकवता येतो, चिंता नाही. बॉडीलाच हँगर रिवेट केलेला किंवा वेल्ड केलेला असेल तर कापण्याची रेघ त्याच्या मागे किमान ३० मिलिमीटर तरी राहिली पाहिजे.

कापण्याआधी मफलर गाडीवर लावून, नवं टोक जिथे येणार तिथे टेप गुंडाळा आणि गाडीच्या मागे बसून नीट बघा. तोंडातून निघणारा गरम वायू कुठे जाईल? टायरवर, ब्रेकच्या नळीवर, कॅलिपरवर, इंडिकेटरवर, साइड बॅगवर की मागे बसणाऱ्याच्या पायावर? सस्पेन्शन पूर्ण दाबलं गेलं की स्विंगआर्म आणि चाक वर येतं, तेव्हाचीही जागा डोळ्यांसमोर आणा. १२० ला मी नको म्हणालो त्याचं हे दुसरं कारण. तेवढं कापलं की कित्येक गाड्यांवर तोंड थेट टायरच्या बाजूला, अॅक्सलच्या पुढे येतं.

व्हर्नियरने बॉडीचा बाहेरचा व्यास दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजा. तिन्ही सारखे आले तरच पुढे जा. बॉडी मागे निमुळती होत असेल तर कापल्यावर मागचं झाकण तिथे बसणार नाही. दोन मिलिमीटरचा फरकसुद्धा पुरतो सगळं बिघडवायला.

धातूनुसार हत्यार बदलतं. तुमची ॲल्युमिनियमची बॉडी हॅकसॉने कापा. ग्राइंडरच्या चाकात ॲल्युमिनियम भरून बसतं, चाक तापतं आणि फुटू शकतं. स्टेनलेस असती तर १ मिलिमीटर जाडीचं, स्टेनलेससाठीचं वेगळं कटिंग व्हील घ्या. साध्या लोखंडावर वापरलेलं चाक स्टेनलेसला लावलं की कडेला लोखंडाचे कण रुततात आणि पावसाळ्यात तिथे गंज उमटतो. टायटॅनियमचा कीस आणि धूळ पेट घेते, त्यामुळे आजूबाजूला काही जळाऊ नको आणि तो कीस साचू द्यायचा नाही. कार्बन फायबर असेल तर टेप लावून, ओलं ठेवून, मास्क घालून कापा, आणि सवय नसेल तर कापूच नका. त्याची धूळ फुप्फुसाला वाईट आणि कडा उलली की दुरुस्त होत नाही.

आता खोलायचं. खोलण्याआधी पर्मनंट मार्करने बॉडी आणि दोन्ही झाकणांवर आरपार एक सरळ रेघ ओढा. मागचं झाकण बऱ्याचदा तिरकं कापलेलं असतं, एक भोक फिरवून बसलं की तोंड आकाशाकडे बघायला लागतं. ही रेघ शेवटपर्यंत उपयोगी पडते.

रिवेट काढताना लगेच ड्रिल चालवू नका. रिवेटच्या मध्ये खिळ्याचा तुकडा अडकलेला असतो, तो स्टीलचा आणि कडक. त्यावर बिट टेकवलं की ते घसरतं आणि बॉडीवर ओरखडा उमटतो. आधी बारीक पंच ठेवून हातोडीच्या एका-दोन ठोक्यांत तो तुकडा आत ढकला. मग ४.८ मिलिमीटरच्या रिवेटला ५ मिलिमीटरचं बिट, वेग कमी, थोडं तेल आणि दाब भरपूर. स्टेनलेस रिवेट वेगात घासलं की कडक होतं आणि मग बिटच जळतं. डोकं सुटून बिटावर चढलं की थांबा, उरलेला भाग पंचाने आत ढकला. रिवेट बिटाबरोबर गरगर फिरायला लागलं तर डोक्याची कडा व्हाइस ग्रिपने धरा. आधी मागच्याच झाकणाची रिवेट काढायची, पुढच्या झाकणाची नंतर, कोअरचं माप घेतल्यावर.

झाकण निघालं नाही तर ओढाताण नको. लाकडाचा ठोकळा लावून चहूबाजूंनी हलके ठोके मारत फिरा, जुना सीलंट सुटतो.

ग्लास वूल काढताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. जुनं, तापून ठिसूळ झालेलं वूल हाताळलं की उडतं. त्यावर आधी पाणी फवारा, ओलं करूनच बाहेर ओढा आणि पिशवीत बांधून टाका. आत पंचाने ढकललेले रिवेटचे तुकडेही त्यातच सापडतील, ते मोजून घ्या. एखादा राहिला तर आयुष्यभर खुळखुळत राहील.

इथून खरं काम सुरू होतं. बहुतेक लोक बॉडीकडे लक्ष देतात, कारण ती दिसते. मफलर टिकतो की नाही हे आतली नळी ठरवते.

मागचं झाकण काढल्यावर काहीही हलवायच्या आधी एक माप घ्या: कोअरचं टोक बॉडीच्या मागच्या कडेपासून किती आत किंवा बाहेर आहे? पट्टी आडवी ठेवून चार ठिकाणी मोजा. समजा ६ मिलिमीटर आत आहे. हा आकडा कागदावर लिहा. कापून झाल्यावर पुन्हा ६ मिलिमीटर आतच आलं पाहिजे. याच एका आकड्यावर पुढचं सगळं उभं आहे.

कारण असं. कोअर पुढच्या झाकणाला वेल्ड केलेली असते आणि मागच्या झाकणाच्या गळ्यात ती नुसती सरकून बसते, तिथे वेल्ड नसतं. हे काम अर्धवट सोडलेलं नाही, मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. स्टेनलेस तापलं की दर मीटरला दर अंशाला सुमारे ०.०१७ मिलिमीटर वाढतं. ३०० मिलिमीटरची कोअर ४५० अंशांनी तापली तर जवळपास २.३ मिलिमीटर लांब होते. ॲल्युमिनियम त्याहून जास्त वाढणारा धातू आहे, पण बॉडी बाहेर वाऱ्यात असते. ती १२० अंशांनी तापली तर ०.८ मिलिमीटर वाढेल. म्हणजे आतली नळी बॉडीपेक्षा दीड मिलिमीटर पुढे जाऊ बघते, आणि थंड झाली की परत मागे. प्रत्येक फेरीला. तिला सरकायला जागा हवी.

मी सुरुवातीला केलेल्या एका मफलरमध्ये हे मला माहीत नव्हतं. कोअर दोन मिलिमीटर लांब राहिली होती, झाकण दाबून बसवावं लागलं, आणि घट्ट बसलं म्हणजे चांगलं बसलं असं मी धरून चाललो. काही आठवड्यांनी मागच्या रिवेटांभोवती काजळीच्या काळ्या रेघा दिसायला लागल्या. खोललं तर बॉडीची गोल भोकं लांबट झाली होती, सगळी मागच्या दिशेला ओढल्यासारखी. कोअरच्या टोकावर एक चकचकीत कडं उमटलं होतं, आरशासारखं घासलेलं, बाकी नळी काळी कुळकुळीत. झाकणाच्या आतल्या पायरीवर त्याच मापाचा ठसा. नळी रोज तापून झाकणाला ढकलत होती आणि मऊ ॲल्युमिनियम मार खात होतं. तेव्हापासून मी तिथे किमान ३ मिलिमीटर मोकळे ठेवतो आणि नळी गळ्यात १० ते १५ मिलिमीटर आत जाईल असं बघतो.

माप लिहून झाल्यावर पुढच्या झाकणाची रिवेट काढा आणि झाकणासकट कोअर बाहेर ओढा, बॉडीच्या आत ती कापता येत नाही. मग कोअर आधी कापा, बॉडी नंतर. हा क्रम मी आग्रहाने सांगतो. कोअरच्या मूळ टोकाला बिनभोकांचा साधा पट्टा असतो. तो कापला गेला की नवं टोक भोकांच्या पट्ट्यात येतं. वाटेल तिथे कापलं तर अर्धी कापलेली भोकं कडेला दातऱ्यांसारखी उरतात, वूल अडकतं आणि तिथूनच भेग सुरू होते. म्हणून भोकांच्या दोन ओळींमधली मोकळी रेघ शोधायची. ३ मिलिमीटरची भोकं, मध्यापासून मध्यापर्यंत ५ मिलिमीटर, अशी तिरकी मांडणी असेल तर दोन ओळींमध्ये साधारण १.३ मिलिमीटर पत्रा कोरा मिळतो. हॅकसॉचं पातं त्यातून जातं. ८० च्या जवळची अशी ओळ कदाचित ८१.५ वर येईल, कदाचित ७८ वर. जिथे येईल तो आकडा पक्का, आणि बॉडी बरोबर तेवढीच कापायची. बॉडीला कुठेही कापलेलं चालतं, कोअरला चालत नाही, म्हणून आकडा कोअरने सांगायचा.

भोकांचा पट्टा झाकणाच्या गळ्यात गेला तर काळजी नको, गळा बाहेरून भोकं झाकतो. मात्र कोअर पत्र्याची पट्टी पिळून केलेली असेल तर ओळी मळसूत्रासारख्या तिरक्या जातात आणि कोरी रेघ मिळतच नाही. तेव्हा कापलेल्या तुकड्यातलं बिनभोकांचं कडं वाचवा आणि तेवढं टोकाला आर्गन वेल्डिंगवाल्याकडून जोडून घ्या. कडं जेवढ्या रुंदीचं तेवढं जास्त कापायचं, हे विसरू नका. वेल्डिंगला देण्याआधी नळी ब्रेक क्लीनरने धुऊ नका. त्यातल्या काही फवाऱ्यांत क्लोरीनची द्रावणं असतात आणि वेल्डिंगच्या आर्कखाली त्यांच्यापासून फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो. साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा.

कापताना कोअर चेपू नये म्हणून तिच्यात मापाचा लाकडी दंडुका घाला. दंडुका नसेल तर कापड घट्ट गुंडाळून भरा. इंचाला ३२ दात असलेलं पातं, सावकाश, थोडं थोडं फिरवत. मग आतून अर्धगोल कानस आणि बाहेरून सपाट कानस, बोट फिरवल्यावर काही टोचायला नको.

बॉडीवर रेघ ओढायला कोणतंही महागडं साधन लागत नाही. सरळ कडेची कागदाची रुंद पट्टी बॉडीभोवती गुंडाळा. दोन्ही टोकं एकमेकांवर आली आणि कडा तंतोतंत जुळली की ती रेघ काटकोनातच असते. अंडाकृती बॉडीलाही ही युक्ती चालते. रेघेच्या दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप, म्हणजे पॉलिशवर ओरखडे नाहीत. रेघेला लागून होज क्लॅम्प आवळला तर पात्याला टेकायला कड मिळते. बॉडी शिकंजात थेट आवळू नका, अंडाकृती होईल. मांडीवर जुनं पोतं घेऊन, आत लाकडाची गोल चकती बसवून कापलेलं मला जास्त बरं वाटतं. एका जागी आरपार जायचं नाही. आधी सगळीकडून अर्धा मिलिमीटर खोल चर पाडा, मग त्या चरातून फिरत फिरत कापा. रेघेच्या बाहेर अर्धा मिलिमीटर ठेवा आणि तो कानशीने रेघेपर्यंत आणा.

नव्या रिवेटांची भोकं हा दुसरा चुकण्याचा मुद्दा. मागच्या झाकणातली भोकं जागच्या जागी आहेत, बॉडीने त्यांच्याशी जुळायचं आहे. कापलेला तुकडा फेकला नसेल तर काम सोपं आहे: त्याच्याभोवती कागद गुंडाळा, पेन्सिल आडवी घासून भोकांचे ठसे उठवा, तुम्ही सुरुवातीला ओढलेली सरळ रेघही त्यावर घ्या, आणि कागद नव्या कडेला लावून पंचाने खुणा करा. कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंत निदान १० मिलिमीटर अंतर असू द्या, कमी राहिलं तर पत्रा फाटतो. सगळी भोकं एकदम पाडायची नाहीत. समोरासमोरची दोन पाडा, झाकण बसवून त्यात बिटं किंवा खिळे अडकवा, रेघ जुळतेय ना पाहा, मग बाकीची झाकणातल्या भोकांच्या अंदाजाने.

या टप्प्यावर वूल न भरता एकदा सगळं कोरडं जोडून बघा. कोअर ६ मिलिमीटर आत आहे का, झाकण बोटाच्या जोराने बसतंय का, बसल्यावर कोअर आतल्या पायरीला टेकत तर नाही ना. टेकते की नाही हे कळायला कोअरच्या टोकावर मार्करची शाई लावा, झाकण बसवा, फिरवून काढा. पायरीवर शाई उमटली तर आणखी कापावं लागेल.

भरणं. जुनं वूल परत भरू नका, नवं घ्या. मफलरसाठी मिळणारं लांब धाग्याचं ग्लास किंवा बेसाल्टचं वूल घ्यायचं. छतासाठी किंवा भिंतीसाठी मिळणारं पिवळं वूल त्यातल्या चिकटपदार्थासकट लवकर जळून भुगा होतं आणि भोकांतून उडून जातं. भट्टीचं सिरॅमिक ब्लँकेट लोक वापरतात, मी वापरत नाही आणि वापरू देत नाही. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने त्या धाग्यांना माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या गटात ठेवलं आहे, आणि मफलरमधून ते शेवटी रस्त्यावर आणि तुमच्या मागच्याच्या नाकातच जाणार.

किती भरायचं ते हाताच्या अंदाजावर सोडू नका. बॉडीचा आतला व्यास १०० आणि कोअरचा बाहेरचा ५० मिलिमीटर असेल, तर ३०० लांबीच्या पोकळीत सुमारे १.७७ लिटर जागा होती, २२० ला ती १.३ लिटर उरते. मी लिटरला १२० ग्रॅमच्या हिशोबाने भरतो, म्हणजे आधीच्या २१२ ग्रॅमच्या जागी आता १५५ ग्रॅमच्या आसपास. स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो, फक्त वूल पिशवीत घालून मोजा. आखूड झालाय म्हणून जास्त ठासून भरावं असं वाटतं. त्याने उलट होतं. फार दाबलेल्या वूलमध्ये लाट शिरत नाही, वरच्यावर परतते. आणि सैल भरलं तर वूल हलत राहतं, कुटलं जातं. कोअरला लागून स्टेनलेस वूलचा एक पातळ थर गुंडाळा. भोकांतून येणारा थेट मारा तो झेलतो आणि ग्लास वूल जास्त दिवस टिकतं. भरलेली लांबी कमी झाल्यामुळे उरलेल्या वूलवर आता भार जास्त आहे, म्हणून हा थर आखूड मफलरला मी हमखास देतो. वूल कोअरभोवती एकसारखं गुंडाळा, टेपने तात्पुरतं बांधा आणि बॉडी त्यावरून एकाच दिशेने फिरवत सरकवा.  वेळ लागतो, घाई नको.

झाकण बसवताना कडेला तापमान सोसणाऱ्या लाल सिलिकॉनची बारीक धार पुरे. रिवेट स्टेनलेसचीच. ॲल्युमिनियमची रिवेट स्वस्त आणि ओढायला सोपी, पण हा धातू वितळण्याच्या बराच आधी, १५०-२०० अंशांपासूनच ढिला पडायला लागतो. स्टेनलेस रिवेट ओढायला जोर लागतो, लांब हातांची गन असेल तर बरं. पत्रा आणि झाकण मिळून जाडी मोजून त्या पकडीची लांबी घ्या. आधी समोरासमोरची दोन ओढा, मग फुलीच्या क्रमाने बाकीची. मूळ मफलरला रिवेटांखाली स्टेनलेसचा पट्टा असेल तर तो परत वापरा, मऊ ॲल्युमिनियमवरचा दाब पसरतो.

सिलिकॉन रात्रभर वाळू द्या. गाडीवर चढवण्याआधी गळती बघा: व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू पुढच्या तोंडाला लावा, मागचं तोंड कापडाने बरंचसं बुजवा, आणि जोडांवर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे येतील तिथे काम बाकी आहे. थंड मफलरवर हे दहा मिनिटांत होतं आणि बोटं भाजत नाहीत.

पहिल्यांदा सुरू करताना गाडी उघड्यावर घ्या, बंद शेडमध्ये अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सीलंट आणि वूलमधला चिकटपदार्थ जळून थोडा वेळ धूर येईल, दहा-पंधरा मिनिटांत थांबतो. थांबला नाही तर टेपचा तुकडा आत राहिलाय किंवा इंजिन तेल खातंय.

आवाज मोजायचाच असेल तर कापण्याआधी आणि नंतर सारख्याच पद्धतीने मोजा. उभ्या गाडीच्या चाचणीत माइक तोंडापासून अर्धा मीटर लांब, वायूच्या धारेशी ४५ अंशांत, तोंडाच्याच उंचीवर धरतात. पूर्ण ताकद ५००० च्या वर येत असेल तर त्या आरपीएमच्या निम्म्यावर, नाहीतर पाऊणपटीवर इंजिन स्थिर ठेवतात. मोबाइलचा माइक इतक्या जवळून कोंडतो आणि खोटा आकडा दाखवतो. मोबाइलच वापरणार असाल तर पाच मीटरवर ठेवा आणि आकड्याकडे न बघता आधीचा व नंतरचा फरक बघा.

शंभर किलोमीटरनंतर, मफलर थंड असताना, प्रत्येक रिवेटवर नखाने दाबून बघा आणि हँगरचे बोल्ट पुन्हा आवळा. काजळीची बारीक रेघ एखाद्याच रिवेटपाशी दिसली तर ते एकच बदला. सगळ्यांपाशी दिसली तर झाकण काढा आणि कोअरच्या टोकावर चकचकीत कडं उमटलंय का ते बघा.